बोनस हातात, पण पडद्यावर मराठी सिनेमा कुठाय? फिलिपिन्सने यावर काढलेला तोडगा काय आहे?

दिवाळीच्या तोंडावर सिन्नरच्या मुसळगाव, माळेगाव एमआयडीसीत बोनस झाला की घरात विषय निघतो, “चला, नाशिकला पिक्चर बघून येऊ.” तीसेक किलोमीटर जायचं, चार-पाच जणांची तिकिटं काढायची, वर पोरांचे पॉपकॉर्न. वर्षातून एक-दोनदाच परवडणारा हा खर्च. आणि नेमक्या त्याच आठवड्यात बहुतेक स्क्रीन एखाद्या बड्या हिंदी सिनेमाने अडवलेले असतात.

हे काही आजचं नाही. २२ डिसेंबर २०१७ ला ‘देवा’ आणि ‘गच्ची’ हे मराठी सिनेमे आले, त्याच दिवशी सलमानचा ‘टायगर जिंदा है’ आला. स्क्रीनवरून राडा झाला, मनसेने इशारा दिला. २०१८ च्या दिवाळीत ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ समोर ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’. पुन्हा तोच वाद.

आता फिलिपिन्सकडे बघू. तिथे हॉलिवूडची दादागिरी. पण १९७५ पासून तिथे मेट्रो मनिला फिल्म फेस्टिव्हल भरतो. २५ डिसेंबरपासून साधारण दोन आठवडे, आयमॅक्ससारखे काही अपवाद सोडले तर, देशभरातल्या थिएटरांत फक्त फेस्टिव्हलने निवडलेले फिलिपिनो सिनेमे लागतात. हॉलिवूडने थांबायचं.

टायमिंग बघा. १९७५ मध्येच तिथे तेराव्या पगाराचा कायदा झाला. कामगाराला हे पैसे २४ डिसेंबरच्या आत द्यावे लागतात. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत खिशात पैसे आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर आपल्या भाषेतला सिनेमा.

म्हणूनच तिथे या सीझनसाठी खास सिनेमे बनतात. कॉमेडी, भुताटकी, एकाच तिकिटात तीन-चार गोष्टी सांगणारे सिनेमे. आजी, आई-बाबा, नातवंडं, प्रत्येकाला एक तरी गोष्ट आवडतेच. ‘शेक, रॅटल अँड रोल’ ही तीन भयकथांची मालिका १९८४ च्या फेस्टिव्हलमधूनच सुरू झाली. मराठीतही २०१५ मध्ये चार दिग्दर्शकांनी चार कवितांवर ‘बायोस्कोप’ केला होता. पण सणाला ठरवून असा सिनेमा आणायचा, ही सवय आपल्याकडे लागली नाही.

आता तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रातही नियम आहे की. आहे. एप्रिल २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं. गदारोळ झाल्यावर ही वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. म्हणजे दुपारी बाराचा शो लावला तरी नियम पाळला. पण शिफ्टला गेलेला माणूस बाराचा शो बघणार कधी?

फिलिपिन्सचं सगळंच गोड आहे असंही नाही. वर्षानुवर्षं तेच ते कॉमेडीचे सिक्वेल येतात, अशी तिथे टीका होते. २०१६ मध्ये निवड समितीने गल्लाभरू सिनेमे बाजूला ठेवून वेगळ्या धाटणीचे सिनेमे घेतले, तर कमाई जोरात आपटली. उलट २०२३ च्या फेस्टिव्हलने १०० कोटी पेसोंहून जास्त गल्ला जमवला. स्क्रीन राखून ठेवता येतो, प्रेक्षक राखून ठेवता येत नाही.

आपल्याकडे हिंदीला दोन आठवडे बाहेर ठेवणं शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. २०१५ च्या दिवाळीत ‘प्रेम रतन धन पायो’ समोर असूनही ‘कट्यार काळजात घुसली’ चाललाच. पण दिवाळी आणि नाताळच्या आठवड्यात प्रत्येक मल्टिप्लेक्समध्ये मराठीला संध्याकाळचा एक शो पक्का करता येईल. निर्मात्यांनीही त्या शोसाठी घरादाराने बघावा असा सिनेमा वेळेत तयार ठेवायला हवा.

बोनसची तारीख काही अचानक उगवत नाही. तिच्याभोवती सीझन बांधायला वर्षभर हातात असतं.