हलका पत्रा, जड हिशेब

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वेगो येथे नोव्हेलिस कंपनीचा अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लाटण्याचा कारखाना आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथे मोठी आग लागली आणि तिची झळ दूरदूरच्या मोटार कारखान्यांना पोहोचली. फोर्ड कंपनीला आपल्या ट्रकांचे उत्पादन आवरते घ्यावे लागले. या एका घटनेपायी दीड ते दोन अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज तिने जाहीर केला. नोव्हेलिसची मालकी २००७ सालापासून मुंबईच्या हिंदाल्को कंपनीकडे आहे. तेव्हा ही बातमी परदेशातली म्हणून बाजूस सारण्याजोगी नाही. एका गिरणीतून पत्रा येईनासा झाला तर तो दुसरीकडून का आणता येऊ नये, हा साधा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. मोटारीसाठी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कसा निवडला जातो, हे पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर मिळत नाही.

या धातूचे आकर्षण उघड आहे. पोलादाच्या मानाने त्याचे वजन सुमारे एकतृतीयांश. फोर्डने २०१५ च्या ‘एफ-१५०’ ट्रकसाठी अ‍ॅल्युमिनियमचे अंग स्वीकारले, तेव्हा गाडीचे वजन सातशे पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३१७ किलोंनी उतरले. परंतु पत्र्याचे वजनही एकतृतीयांशावर येते, ही समजूत मात्र भाबडी आहे. पोलादाच्या तुलनेत या धातूचा ताठपणाही एकतृतीयांशच असतो. तेवढाच ताठ पत्रा हवा असेल तर त्याची जाडी जवळजवळ दीडपट घ्यावी लागते आणि प्रत्यक्षात वजनाची बचत निम्म्याच्या आसपास येऊन थांबते. जाहिरातीत हा हिशेब सहसा सांगितला जात नाही.

खरी निवड यापुढची. मोटारीच्या पत्र्यात मुख्यतः दोन कुळींचे मिश्रधातू वापरतात. त्यांना पाच हजारी आणि सहा हजारी म्हणतात. ही नावे ऐकून मराठी वाचकास मोगल दरबारातील मनसबी आठवतील. येथे मात्र आकडा घटकद्रव्यांचा निदर्शक आहे. पाच हजारी कुळीत मॅग्नेशियम हा मुख्य घटक. हा पत्रा खोल आकारात निमूटपणे वळतो, पण ताणला असता त्याच्या पृष्ठभागावर लहरींसारख्या रेषा उमटतात आणि त्या रंगाखालूनही दिसतात. म्हणून त्याची जागा दरवाजाच्या किंवा बॉनेटच्या आतल्या बाजूस. मॅग्नेशियम तीन टक्क्यांच्या वर गेले तर सतत उष्णता सोसणाऱ्या ठिकाणी भेगा पडण्याचा धोकाही वाढतो. सहा हजारी कुळीत मॅग्नेशियमच्या जोडीला सिलिकॉन असते. प्रेसखाली येताना हा पत्रा मऊ असतो आणि रंग भाजण्याच्या भट्टीत, १७० ते १८० अंश सेल्सिअस उष्णतेत, अर्ध्या तासाच्या आत तो कणखर होतो. अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू काळाबरोबर कठीण होतात, हे जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना १९०६ साली आढळले. त्याच गुणाचा हा व्यावहारिक उपयोग. परंतु हाच गुण अडचणीचाही ठरतो. गुदामात पडून राहिला तरी हा पत्रा हळूहळू घट्ट होत जातो, त्यामुळे त्याचा वर्ष-दोन वर्षांचा साठा करून ठेवता येत नाही. शिवाय त्यात तांबे थोडे अधिक घातले तर बळ वाढते, पण रंगाखाली दोऱ्यासारखा पसरणारा गंज लागण्याची भीतीही वाढते.

साचे, भट्टीचे तापमान, जोडकाम हे सारे एका विशिष्ट पत्र्यावर बेतलेले असते. तो बदलला की पुष्कळशा चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. फोर्डची कोंडी झाली ती यामुळे. पत्रा निवडताना कारखानदार एक गिरणी आणि तिच्यावरचे अवलंबनही निवडत असतो.

ब्रिटनचा अनुभव या बाबतीत जुना आहे. १९४८ च्या लँड रोव्हरला अ‍ॅल्युमिनियमचे अंग लाभले, कारण महायुद्धानंतर तेथे पोलादावर नियंत्रण होते. ती सक्तीची निवड होती. २००३ च्या जॅग्वार ‘एक्सजे’मध्ये ती हेतुपूर्वक झाली आणि वेल्डिंगऐवजी रिव्हेट व चिकटद्रव्याने सांगाडा जोडण्यात आला. २००८ मध्ये या दोन्ही गाड्यांची कंपनी टाटांकडे आली. म्हणजे लाटणारा आणि जोडणारा, दोघांचीही मालकी आज मुंबईत आहे. मग हीच विद्या पुण्याच्या छोट्या गाडीला का लावू नये, असे कोणी विचारील. याचे उत्तर सावधपणेच द्यावे लागेल. स्वस्त गाडीच्या गिऱ्हाइकाला अधिक बळकट जातीचे पातळ पोलाद कमी खर्चात पुष्कळसे तेच देते. गॅरेजमधला कारागीर पोलादाचा पोचा हातोडीने काढतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी त्याला वेगळी हत्यारे आणि पोलादाच्या कणांपासून दूर अशी वेगळी जागा लागेल. ते बिल अखेर नोकरदार गिऱ्हाईकच भरणार.

विजेचा हिशेब तर याहून कठोर आहे. एक किलो नवा धातू मिळवण्यास १४ ते १५ युनिट वीज लागते आणि आपल्याकडे ती बहुतांशी कोळशाची असते. इंधन वाचवून चाकाखाली जे मिळवले, ते धातू गाळतानाच अंशतः खर्ची पडलेले असते. भंगार वितळवून केलेल्या धातूला मात्र याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा पुरते. २०१५ च्या जॅग्वार ‘एक्सई’साठी नोव्हेलिसने मुख्यतः भंगारापासून बनणारा पाच हजारी पत्रा पुरवला, हे म्हणूनच महत्त्वाचे. परंतु त्यासाठी भंगार निवडक हवे. दोन कुळींची कात्रणे एकत्र झाली, त्यात लोखंड मिसळले, की त्या धातूचा पुन्हा पत्रा होणे अवघड. तो इंजिनाच्या ओतकामाकडे जातो. विजेच्या गाड्या वाढल्या की ती मागणीही ओसरेल.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. मोडतोडीच्या केंद्रांवर अ‍ॅल्युमिनियमचे भाग मिश्रधातूच्या जातीनुसार अलग ठेवण्याचे आणि कारखानदारांवर प्रत्येक भागावर ती जात नोंदवण्याचे बंधन घातले पाहिजे. ते आताच घालावे लागेल. कारण आज रस्त्यावर येणारी गाडी भंगारात निघेल ती दहा-पंधरा वर्षांनी, आणि तेव्हा तिच्या पत्र्यात काय मिसळले होते हे विचारायला कोणी सापडणार नाही.