ग्रंथालयाचा जिना

रक्तदाब मोजून झाला, औषधांची चिठ्ठी लिहून झाली, की ज्येष्ठ रुग्णांना मी एक प्रश्न हमखास विचारतो : 'सध्या काय वाचताय?' हा प्रश्न शिष्टाचाराचा नसून तपासणीचाच भाग आहे. त्याच्या उत्तरातून दृष्टी, स्मरण, मन आणि गुडघे या चारींची खबर एकदम मिळते. गेल्या काही वर्षांत मात्र एक उत्तर वारंवार कानी येऊ लागले आहे : 'ग्रंथालय सोडलं हो. आता वाचायची इच्छाच होत नाही.' सोबत आलेला मुलगा किंवा सून मान डोलावते, 'वय झालं' असे म्हणते आणि विषय तेथेच संपतो.

तो तेथे संपू नये, एवढ्यासाठी आजचा हा लेख. थोडे खोदून विचारले, की बहुधा असे आढळते, की इच्छा शाबूत असते. नडतो तो जिना, शौचालय, अंधूक दिवा किंवा कार्यक्रमाची वेळ. या गोष्टी चारचौघांत बोलायला संकोच वाटतो; 'इच्छा नाही' हे म्हणणे त्या मानाने सोपे असते.

पुण्यासारख्या शहरात ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ ची, पुणे मराठी ग्रंथालयाची १९११ ची. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही उन्हाळ्यात भरते. निवृत्तीनंतर आपल्यापैकी अनेकांचा दिवस या जागांनी बांधलेला असतो. सकाळी वृत्तपत्रे, आठवड्यातून दोनदा पुस्तक बदलणे, महिन्यातून एखादे व्याख्यान. त्यात रोजचे चालणे होते, चार ओळखीचे चेहरे भेटतात आणि देवघेवीच्या खिडकीवरची व्यक्ती नाव घेऊन चौकशी करते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमी नोंदविल्या. त्यांत एकटेपणा आहे, कमी झालेली श्रवणशक्ती आहे आणि उपचाराविना राहिलेला दृष्टिदोषही आहे. ग्रंथालय सुटले, की यांपैकी पहिली जोखीम वाढते. आणि ते सुटण्यामागे पुष्कळदा उरलेल्या दोहोंपैकी एखादी असते.

जिन्यापासून सुरुवात करू. शहराच्या जुन्या भागातील पुष्कळ ग्रंथालये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि तेथे उद्वाहक नाही. गुडघ्यांची झीज झालेल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरताना अधिक त्रास होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यात चश्म्याची भर. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांचा खालचा भाग वाचनासाठी असतो. उतरताना आपण खाली पाहतो तेव्हा त्याच भागातून पायरी दिसते, आणि ती पुसट दिसते. एका हातात पुस्तके, दुसऱ्या हातात छत्री असेल तर कठडा धरायला हात उरत नाही. म्हणून पुस्तके नेहमी खांद्याच्या पिशवीत असावीत, हात मोकळे असावेत आणि उतरताना मान थोडी अधिक झुकवून भिंगाच्या वरच्या भागातून पायरी पाहावी. शक्य असल्यास बाहेर वावरण्यासाठी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चश्मा ठेवावा.

परंतु सगळा भार म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवर का टाकायचा? अनेक ग्रंथालयांनी तळमजला स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या अभ्यासिकेला दिला आहे आणि वृत्तपत्रांचा कक्ष वरच्या मजल्यावर नेला आहे. अभ्यासिकेच्या शुल्कावर संस्था तग धरून आहेत, हे मला मान्य आहे. त्या मुलांविषयी माझी तक्रार मुळीच नाही. पण विशीतल्या मुलाला दोन जिने म्हणजे काहीच नव्हे. मजल्यांची अदलाबदल केली, निदान वृत्तपत्रे आणि देवघेवीची खिडकी खाली आणली, तरी निम्मा प्रश्न सुटतो. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, टेबले हलविण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात. प्रवेशद्वाराशी दोन पायऱ्या असतील तर उतरण बांधता येते. तिचा साधा हिशेब १:१२ असा आहे. म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. याहून उभी उतरण चाकाच्या खुर्चीला आणि खुर्ची ढकलणाऱ्याला, दोघांनाही धोक्याची.

यानंतरचा मुद्दा कोणी उघडपणे बोलत नाही : शौचालय. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणारे माझे अनेक रुग्ण आहेत. ती सकाळी घेतली, की पुढचे काही तास वारंवार लघवीला जावे लागते, आणि वृत्तपत्रे वाचायची वेळ नेमकी तीच. ग्रंथालयातले शौचालय कुलूपबंद, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई चहाला. मग माणूस काय करतो? ग्रंथालयात जायच्या दिवशी गोळीच घेत नाही, किंवा सकाळपासून पाणी पीत नाही. अशाने कोणाच्या पायांवर सूज चढते, कोणाला उभे राहताच चक्कर येते, आणि मूळ कारण शौचालयाच्या किल्लीत असल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या घरी असे घडत असेल तर गोळी परस्पर बंद करू नका. तिची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा ती थोडी मागेपुढे करता येते. आणि ग्रंथालयाला शौचालय उघडे ठेवण्याची, कमोडशेजारी धरायला दांडी बसविण्याची व दार बाहेरच्या बाजूस उघडेल असे करण्याची विनंती करा. आत कोणी पडले आणि दार आतल्या बाजूस उघडणारे असेल, तर पडलेल्या देहामुळे ते उघडतच नाही.

उजेडाविषयी थोडक्यात. विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोहोचतो. बाहुली आकसते, भिंग पिवळसर होते. म्हणून 'मला तर नीट दिसतंय' हे तरुण ग्रंथपालाचे उत्तर खरे असूनही उपयोगाचे नाही. छतावरच्या एका नळीऐवजी प्रत्येक टेबलावर एक दिवा हवा, आणि खुर्चीला हात हवेत. हातांवर भार देऊन उठता येते, हे ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच कळते.

आता कार्यक्रमांकडे वळू. मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीला, वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला; याशिवाय पुस्तक प्रकाशने, व्याख्याने, काव्यवाचने. यांतले बहुतेक कार्यक्रम सायंकाळी साडेसहाला जाहीर होतात, पाहुणे सातला येतात, सत्कार आणि परिचय आटोपेपर्यंत पावणेआठ होतात. (श्रीफळांची संख्या निम्म्यावर आणली तर मराठी वाङ्मयाची हानी होणार नाही, असे माझे नम्र मत आहे.) इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेही श्रोत्याचे जेवण असे लांबले, तर सभागृहातच घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होऊ शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात आणि शेजारच्याला तशी कल्पना द्यावी. आयोजकांना मात्र माझे सांगणे आहे, की महिन्यातला किमान एक कार्यक्रम सकाळी दहाला किंवा दुपारी चारला ठेवा आणि तो वेळेवर संपवा. रात्री रिक्षा मिळेल की नाही, या चिंतेने उठून जाणारा श्रोता तुमच्या भाषणाला कंटाळलेला नसतो.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. वयोमानाने आधी उच्च स्वरातले आवाज हरपतात. 'स', 'फ', 'ख' यांसारखी व्यंजने निसटतात. ध्वनिवर्धक मोठा केला तरी शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट प्रतिध्वनी वाढतो. अशांनी वक्त्याचे ओठ दिसतील अशा पुढच्या रांगेत, पंख्याच्या घरघरीपासून दूर बसावे. निमंत्रितांसाठी राखलेल्या पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या त्यांना दिल्या तर काय बिघडते?

हे सारे मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. ज्या ३३ शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलून ती तयार झाली, त्यांत आपली दिल्ली आणि उदयपूर होती. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानुसार लोकांच्या वापरातल्या सार्वजनिक इमारती, मग त्या खासगी मालकीच्या का असेनात, सर्वांना वापरता येतील अशा करावयाच्या आहेत. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये नोंदणीकृत संस्था चालवितात आणि १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमान्वये त्यांना शासकीय अनुदान मिळते. पैसा तुटपुंजा असतो, हे खरे. पण उतरण, दांडी, दिवे यांसाठी देणगीदार मिळतात. ७५ व्या वाढदिवशी सर्वांना जेवण घालण्याऐवजी ग्रंथालयाला कठडा बसवून देणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत.

घरच्यांनी आधी एक काम करावे. आईवडिलांबरोबर एकदा ग्रंथालयापर्यंत जावे, पुढे न चालता त्यांच्या मागून, त्यांच्याच गतीने. ते कोठे थांबतात, कशाला धरतात, कोणती पायरी चाचपतात, हे पाहावे. अडचण कोठेच दिसली नाही आणि तरीही पुस्तक हाती धरवत नसेल, तर मात्र ती वार्धक्याची रीत समजू नये. मोतीबिंदू, उदासीनता, विस्मरण यांची तपासणी करून घ्यावी.

मग ग्रंथालयाच्या कार्यवाहांच्या नावे अर्ज लिहावा. आजीव सभासदांना संस्थेच्या घटनेनुसार वार्षिक सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचा अधिकार असतो. सभेची सूचना फलकावर लागते, तेव्हा वृत्तपत्रांबरोबर तो फलकही वाचत जावा. साधे वर्गणीदार असाल तरी लेखी सूचना देता येते. पाच-सहा ज्येष्ठांच्या सह्या एकत्र असल्या तर उत्तम. मागण्या दोनच ठेवा, खर्च कमी असलेली आधी. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवा आणि सहीखाली वर्गणीदार क्रमांक लिहायला विसरू नका.