ब्लॅकच्या तिकिटाचं लॉजिक

मेसमधून वर आल्यावर आमच्या विंगमध्ये रोज एक वाद पेटतो. सध्या विषय आहे बास्केटबॉलचं तिकीट. एनबीएची मॅच पुन्हा कधी मुंबईत झाली आणि तिकिटं पाच मिनिटांत संपली, तर ब्लॅकने घ्यायचं की नाही? आमचा एक 'मार्केट'वाला मित्र म्हणतो, "डिमांड जास्त, सप्लाय कमी, रेट चढणारच. परवडत नसेल तर घरी बसून बघ!" मित्रांनो, हे लॉजिक मला पटत नाही.

आधी जे खरंच झालं ते बघू. 4 आणि 5 ऑक्टोबर 2019 ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्या दोन मॅचेस झाल्या. भारतात एनबीएचे संघ खेळायची ती पहिलीच वेळ. होत्या प्री-सीझनच्याच, पण हौसेला काय मोल! किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. दोन्ही मॅचेस पेसर्सनी मारल्या, पहिली तर ओव्हरटाइममध्ये 132-131 अशी. मला मात्र स्कोअरपेक्षा गॅलरी जास्त आवडली. पहिल्या दिवशी तिथे मुंबईच्या शाळांमधली तीन हजारांवर पोरं बोलावून बसवली होती. निमंत्रणाच्या खुर्चीला कसला आलाय रेट!

आता डिमांड-सप्लाय. मी कन्नडचा. आमच्याकडे मका निघाला की व्यापारी पडत्या भावाने घेतो, ठेवतो आणि भाव चढला की विकतो. त्याचा राग येतो, पण त्याला निदान गोदाम लागतं, ओल लागायची धास्ती असते, उंदीर असतात. तिकीट साठवायला काय लागतं? दहा अकाउंट आणि फास्ट नेट. ब्लॅकवाला एकही खुर्ची वाढवत नाही. आहे त्या खुर्च्यांवर आधी रुमाल टाकतो आणि मग तो रुमाल उचलायचे पैसे मागतो. एसटीत असं कुणी केलं तर आपण त्याला 'मार्केट' म्हणतो का?

22 सप्टेंबर 2024 चा रविवार आठवा. नवी मुंबईतल्या कोल्डप्लेच्या शोची तिकिटं 2,500 ते 35,000 रुपयांची. लाखो लोक ऑनलाइन रांगेत आणि थोड्याच वेळात तीच तिकिटं दुसऱ्या साइटवर लाखांच्या भावात. प्रकरण हायकोर्टात गेलं. जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली. कायदा करणं हे सरकारचं आणि विधिमंडळाचं काम, असं त्यांचं म्हणणं. आयर्लंडने 2021 मध्ये असा कायदा केलासुद्धा : मोठ्या कार्यक्रमांचं तिकीट छापील किमतीपेक्षा जास्तीला विकायचं नाही.

सगळा दोष ब्लॅकवाल्याच्या माथी मारणंही बरोबर नाही म्हणा. 2011 च्या वर्ल्डकप फायनलला वानखेडेत तीसेक हजार खुर्च्या होत्या आणि सामान्य पब्लिकला विकायला तिकिटं फक्त चार हजारांच्या आसपास. बाकी क्लब, स्पॉन्सर, पाहुणे. पुढच्या दाराने एवढीच वाट ठेवली तर मागच्या दाराला गर्दी होणारच. 2023 च्या भारत-न्यूझीलंड सेमीफायनलच्या वेळी मुंबई पोलिसांनी चढ्या दराने तिकिटं विकणाऱ्याला पकडलं, चांगलं केलं. पण खुर्च्यांचा हिशोब कोण विचारणार?

मार्केटवाल्याचा एक मुद्दा मात्र खरा आहे. ज्याची ओरल ऐनवेळी मॅचच्याच दिवशी लागली त्याने तिकिटाचं काय करावं? त्याला विकता आलंच पाहिजे. अमेरिकेत एनबीएच्या तिकिटांची फेरविक्री राजरोस चालते. अधिकृत ठिकाणी विकलं की जुना बारकोड रद्द होतो आणि घेणाऱ्याच्या नावाने नवा निघतो. त्यामुळे निदान फसवणूक तरी टळते. भाव मात्र तिथेही गगनाला भिडतात, म्हणजे अर्धंच उत्तर झालं. आपल्याकडे तर व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट येतो. एकच स्क्रीनशॉट पाच जणांना विकता येतो आणि गेटवर जो पहिला स्कॅन करेल तो आत. बाकीच्या चौघांनी काय करायचं? घाट उतरून चाळीसगाव गाठलेलं, तिथून रेल्वेत उभ्याने मुंबई, खिशात घरून फॉर्म फीच्या नावाखाली मागवलेले पैसे, आणि गेटवरचा माणूस म्हणतो, "हे वापरलंय."

यावर उपाय शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्या रेल्वेत तिकीट नावावर असतं. येणं जमलं नाही तर कॅन्सल करायचं, थोडे पैसे कापले जातात आणि वेटिंगवाला वर सरकतो. तिथेही दलाल आहेत, माहीत आहे. तरी कॅन्सल झालेला बर्थ रांगेतल्या पुढच्या माणसाला आपोआप आणि ठरलेल्या भाड्यात मिळतो. मॅचचं तिकीट विकणाऱ्या कंपन्यांना एवढं सॉफ्टवेअर जमू नये? आपल्या कॉम्प्युटर ब्रँचची पोरं फायनल इयर प्रोजेक्टला दरवर्षी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीमच करतात, त्यापेक्षा हे करून बघा. गाइडने विचारलं तर वेटिंग लिस्ट म्हणजे शेवटी क्यूच, असं सांगायचं.