पाण्यात दम लागलाच पाहिजे

कल्पनारम्य खेळात पोहण्याचे आणि दमण्याचे नियम हवेत कशाला, असा प्रश्न मोठ्या ऐटीत विचारला जातो. राक्षस चालतात, मंत्र चालतात, मग दमछाकच तेवढी खरी कशासाठी? हा युक्तिवाद आम्हांला आळशी वाटतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, पात्रे घेऊन, फासे टाकीत खेळायचा खेळ. त्याच्या 2003 च्या नियमांत संथ पाण्यात तरायलाही वीस बाजूंच्या फाशावर बळ धरून 10 गाठावे लागत. अंगावर पूर्ण पोलादी चिलखत असेल तर त्यातून 12 वजा होत. म्हणजे सरदार बुडे, आणि बुडायलाच हवा! 2014 च्या पाचव्या आवृत्तीने हे सारे निकालात काढले. आता पोहणे म्हणजे निम्म्या वेगाने चालणे. संथ पाण्यात फासाही टाकायचा नाही. ज्याला पोहताच येत नाही असा माणूस त्या जगात उरला नाही.

आमच्या पालम तालुक्यातून गोदावरी वाहते. इथे पोहता न येणे ही किरकोळ बाब नव्हे. त्यामागे इतिहास आहे. पाठीला वाळका भोपळा बांधून ज्याला विहिरीत ढकलले तो शिकला. पण विहीर कोणाची, आणि तीत उतरायची मुभा कोणाला? ज्या समाजात पाण्याला हात लावण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, तिथे पोहणे निव्वळ दंडातल्या बळाच्या खाती मांडता येत नाही. मुलींचे तर काठावरचे धुणेच सुटले नाही. शिवाय विहिरीत तरबेज झालेला गडी पुराच्या पाण्यात समोरचा काठ धरून सरळ हात मारू लागला की संपला. जाणता माणूस धारेला तिरका जातो आणि दम राखतो. खेळात हे आणा, मग पाहा नदी ओलांडण्याचा प्रसंग कसा उभा राहतो.

पाचव्या आवृत्तीत एक गोष्ट मात्र चांगली होती: थकव्याच्या सहा पायऱ्या. दुसरीला वेग निम्मा, पाचवीला शून्य, सहावीला मृत्यू. प्रत्येक पायरीवर देह निराळ्या रीतीने हरत असे. 2024 च्या सुधारणेने मृत्यू सहावीलाच ठेवला, पण वाटेतल्या पायऱ्यांवर दर वेळी फाशातून 2 आणि वेगातून 5 फूट वजा करण्याचा वाणीहिशेब आणला. सोपा आहे खरा, पण त्यात माणूस दिसत नाही.

हा खेळ मराठीत खेळणाऱ्यांनी तरी तो हिशेब बाजूला ठेवावा. धाप लागली, दमछाक झाली, हातपाय गळाले, नाकातोंडात पाणी गेले, गटांगळ्या खाल्ल्या, तळ गाठला. मोजून सहा होतात.