किती मिनिटे वाचली?

मुंबईहून पुणे किती वेळात गाठले, हा शहरी मध्यमवर्गाच्या गप्पांमधील आवडता विषय आहे. कोणी ‘पावणेदोन तास’ म्हटले की दुसरा ‘आम्ही दीड तासात पोहोचलो’ असे सांगत पुढे सरसावतो. त्या दीड तासात किती वेळा मार्गिका तोडली, किती मालट्रक डावीकडून ओलांडले, किती जणांना मागून दिव्यांची उघडझाप करून बाजूला सारले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आक्रमकपणे गाडी हाकणारा कुशल ठरतो आणि नियम पाळणारा भित्रा. या समजुतीच्या मुळाशी एक गृहीतक आहे : वेगाने वेळ वाचतो. ते एकदा कागदावर तपासून पाहिले पाहिजे.

२००२ मध्ये पूर्णत्वास गेलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा आहे. तो संपूर्ण मार्ग ताशी ८० किलोमीटर वेगाने कापला तर सुमारे ७१ मिनिटे लागतात. १०० च्या वेगाने ५७, १२० च्या वेगाने ४७ आणि १४० च्या वेगाने साधारण साडेचाळीस. म्हणजे ८० वरून १०० वर गेल्यास १४ मिनिटे वाचतात, पुढच्या २० किलोमीटरच्या वाढीने साडेनऊ आणि त्यापुढच्या वाढीने जेमतेम पावणेसात. वेग वाढत जातो तशी बचत आटत जाते आणि धोका मात्र वाढत जातो. आधीच अधिक असलेला वेग आणखी वाढविल्याने वाचणाऱ्या वेळेचा अंदाज माणसे फुगवून करतात, हे स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी आपल्या संशोधनातून दाखवून दिले आहे.

शिवाय ही मिनिटे मिळतात ती रस्ता मोकळा असेल तरच. प्रत्यक्षात खालापूरच्या टोलनाक्यावर रांग असते आणि खंडाळ्याच्या घाटात अवजड वाहने मुंगीच्या पावलांनी चढत असतात. मघाशी हॉर्नचा कल्लोळ करीत पुढे गेलेली मोटार तेथे दोन गाड्यांच्या अंतरावर उभी दिसते. शहरात तर पुढच्या सिग्नलचा तांबडा दिवा सर्वांना एकाच पंक्तीला बसवतो.

तरीही शेजारची मार्गिका अधिक वेगाने सरकते आहे, असे चालकाला सतत वाटत राहते. रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी १९९९ मध्ये या भासाचा उलगडा केला. दोन्ही मार्गिकांचा सरासरी वेग सारखा असला, तरी आपण इतरांना ओलांडतो ते क्षणार्धात. इतर आपल्याला ओलांडतात तो काळ मात्र लांबतो आणि तोच मनात ठसतो. या भासापायी मार्गिका बदलणारा चालक कोंडीला हातभार लावतो, तो वेगळाच. जपानमध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सारख्या वेगाने चालविण्यास सांगण्यात आले. वाटेत कोणताही अडथळा नसताना, चालकांच्या वेगातील किरकोळ चढउतारांतून कोंडी निर्माण झाली आणि ती लाटेसारखी मागे सरकत राहिली. मग मध्येच घुसणाऱ्यामुळे ज्याला करकचून ब्रेक दाबावा लागतो, त्याच्यामागील रांगेचे काय होत असेल?

या चार-सहा मिनिटांची किंमत कोणती? वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १०० वरून १२० झाला की ती ४४ टक्क्यांनी वाढते आणि ब्रेक लावल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज साडेचारशेहून अधिक. त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या सदरात आहे आणि मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होते. घरचा कर्ता माणूस किंवा हाताशी आलेला मुलगा गमावलेल्या कुटुंबांचा हा आकडा आहे.

वेगाला अर्थच नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जून २०२५ मध्ये संपूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर १०० ऐवजी १२० चा वेग ठेवल्यास हिशेबाने सत्तर मिनिटे वाचतात. परंतु मोटारींना तेथे १२० ची अनुमती आहे. ही बचत रस्त्याच्या रचनेची देणगी आहे. तिच्यासाठी कोणाच्या अंगावर गाडी घालावी लागत नाही.

दंड आणि कॅमेरे आवश्यकच आहेत. तथापि ते नसतील तेथे चालकाचे वर्तन घरात मिळालेल्या वळणावर ठरते. मागच्या आसनावर बसलेले मूल वडिलांचे वाहन चालवणे रोज पाहत असते आणि वयात आल्यावर तेच गिरवते. म्हणून दीड तासात पोहोचल्याचे कौतुक आधी घरातून थांबले पाहिजे. पाहुण्यांना, चालकांना, कामावरच्या माणसांना अशक्य वेळा देणेही थांबले पाहिजे. आक्रमक वेगाने जी दहा मिनिटे मिळविण्याचा अट्टहास चालतो, ती घरून दहा मिनिटे आधी निघाल्याने विनासायास मिळतात. एवढी शिस्त प्रत्येक कुटुंबाला आजपासून स्वतःला लावून घेता येईल.