टॉय ट्रेन? अहो, रेल्वे आहे ती!

लोणावळ्यात वाढलेल्या माणसाला 'पर्यटक' या जमातीबद्दल जन्मजात आकस असतो. शनिवारी सकाळी दूध आणायला बाहेर पडावं आणि भुशी डॅमकडे निघालेल्या गाड्यांची रांग आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलेली असावी, हे लहानपणापासून बघतोय. त्यामुळे मागच्या महिन्यात ऑफिसातल्या चौघांबरोबर मी स्वतःच पर्यटक होऊन माथेरानला गेलो, तेव्हा जरा चोरट्यासारखंच वाटत होतं. घाट उतरून कर्जत, तिथून लोकलने दोन स्टेशनं की नेरळ. पुढे ती छोटी गाडी.

गाडीत बसल्या बसल्या आमच्यातल्या एकीने फोटो टाकला. खाली ओळ : 'टॉय ट्रेनमधून!' मला काही खटकलं नाही. चार वर्षांपूर्वीच्या माझ्या फोटोखाली मीसुद्धा हेच लिहिलंय.

खटकलं ते रात्री. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांना सहज विचारलं, तुम्ही खाली जाता तेव्हा गाडीनेच जात असाल ना? काका हसले. त्यांची मुलगी कर्जतला कॉलेजात आहे, ती पहाटे चालत दस्तुरीला जाते आणि तिथून टॅक्सीने नेरळला. गाडी वर येते ती आम्हा लोकांना घेऊन, तीही उन्हं चढल्यावर. आणि मग आठवलं की आमच्या अख्ख्या डब्यात माथेरानचा एकही माणूस नव्हता.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय माझा राग तुम्हाला कळणार नाही.

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने ते 'शोधलं' म्हणतात (रानात राहणाऱ्या ठाकर, कातकरी आणि धनगरांना ते हरवलंय हे माहीत नव्हतं, असो.) पुढची पन्नासेक वर्षं वर जायचं तर घोडा, पालखी किंवा पाय. मुंबईचे बडे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन याने, इथे रेल्वे करायची असं मनावर घेतलं. पैसा वडिलांचा, हट्ट मुलाचा. १९०४ मध्ये काम सुरू झालं, २२ मार्च १९०७ ला गाडी धावली. खर्च सोळा लाख रुपये, त्या काळातले!

मी इंजिनिअर असल्यामुळे पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. लांबी साधारण वीस किलोमीटर. चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. आपल्या बोरघाटात, जो १८६३ मध्ये सुरू झाला आणि जिथे आजही गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, तिथे चढ सदतीसास एक आहे. शिवाय माथेरानला दातेरी रूळ नाही. नुसती लोखंडावर लोखंडाची पकड. डोंगराच्या अंगाअंगाने नागमोडी वळणं घेत चढ आटोक्यात ठेवलाय, आणि अख्ख्या मार्गावर बोगदा एकच, तोही चिमुकला. आता इतक्या तीव्र वळणावर सहा चाकांचं इंजिन सरळच्या सरळ जाऊ पाहतं आणि अडतं. त्यावर उपाय म्हणून जर्मनीच्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून खास इंजिनं आणली. त्यांचे पुढचे आणि मागचे आस पोकळ होते, आतल्या दुसऱ्या आसावर बसवलेले, त्यामुळे वळणावर चाकं थोडी बाजूला सरकू शकायची. आहे की नाही डोकं? ती इंजिनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राबली. चारातलं एक आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, एक थेट इंग्लंडमध्ये.

या कामाचा सल्लागार होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. म्हणजे तोच, ज्याने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. तीही छोटीच, अडीच फुटी. पण तिने वर्षानुवर्षं वारकरी पंढरपूरला नेले, धान्य वाहिलं, आणि पुढे तिची ब्रॉडगेज झाली. बार्शी लाइटला कोणी कधी खेळणं म्हटल्याचं ऐकलंय? माणूस तोच, विद्या तीच. एक रेल्वे झाली आणि दुसरी झुकझुकगाडी.

नावात काय आहे म्हणाल, तर दुरुस्तीची मुदत आहे!

बघा. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, गाडी परत आली २००७ मध्ये. मे २०१६ मध्ये अमन लॉजजवळ आठवड्याभरात दोनदा डबे घसरले, नेरळहून गाडी सुटली २६ जानेवारी २०१८ ला. ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा रूळ वाहून गेले, पूर्ण मार्ग सुरू झाला २२ ऑक्टोबर २०२२ ला. मधल्या काळात वरचा अमन लॉज ते माथेरान हा छोटा तुकडा शटल म्हणून चालला. मी एक्सेलमध्ये मांडून पाहिलं (होय, आम्ही लोक असेच असतो :) ). जुलै २००५ ते ऑक्टोबर २०२२ या सव्वासतरा वर्षांत पूर्ण मार्ग जवळजवळ साडेसहा वर्षं बंद. दर पावसाळ्यातले नेहमीचे बंद महिने धरले तर अपटाईम पन्नास टक्क्यांच्याही खाली. असा सर्व्हर आपण चालवला असता तर क्लायंटने कधीच हाकललं असतं.

आता हे शेजारी ठेवा. त्याच ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या बोरघाटातही दरडी आल्या, रूळ खचले, पुणे-मुंबई गाड्या रद्द झाल्या. पण काही दिवसांत गाड्या पुन्हा सुरू झाल्या. एका मार्गाचं काम पुढे काही महिने चाललं, पण घाट चालू होता. डोंगर तोच सह्याद्री, पाऊस तोच, रेल्वेही तीच. फरक एवढाच की बोरघाट बंद पडला तर लोकांची कामं अडतात, आणि माथेरान बंद पडलं तर, आपल्या मते, फक्त पिकनिक अडते.

समजा उद्या रेल्वेने जाहीर केलं की लोणावळा-कर्जत घाट आता फक्त काचेच्या डब्यांतून धबधबे बघणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी एक्सप्रेस वेने जावं. मावळ पेटून उठेल! इंजिनिअरिंगची चार वर्षं मी लोणावळा-पुणे लोकलच्या पासावर काढली आहेत. त्या लोकलमध्ये माझ्याबरोबर दुधाचे कॅन होते, भाजीच्या पाट्या होत्या, तळेगावला उतरणारे कामगार होते. तिला कोणी टॉय लोकल म्हणत नाही.

यावर उत्तर ठरलेलं : तोट्यातली गाडी आहे हो. बरं मग? मुंबईची लोकलसुद्धा तोट्यातच चालते. तोटा हा प्रश्न फक्त ज्यांची संख्या कमी त्यांनाच का विचारायचा? वर चार-पाच हजारच माणसं राहतात, म्हणून?

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. आमच्या ग्रुपमधल्या एकाने तो लगेच काढला. वीस किलोमीटरला अडीच तास, रोज कोण बसेल त्यात? मान्य. काकांची मुलगी नाहीच बसणार. पण तांदळाच्या पोत्याला आणि सिमेंटच्या गोणीला कुठे लॉगिनची वेळ गाठायची असते? माथेरान २००३ पासून अधिकृतपणे पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आहे, गाड्या दस्तुरीपर्यंतच. म्हणजे आज सामान ट्रकने दस्तुरीला येतं आणि पुढे घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. उत्तमच झालं. पण माणसाने माणूस ओढायचा नाही हे ज्या गावात न्यायालयाला सांगावं लागलं, त्याच गावाच्या मध्यापर्यंत १९०७ पासून रूळ आलेले आहेत! शटलमधून पार्सलं जातात, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर त्याच रुळांवरून गावाचं सामान वर गेलं. म्हणजे जमतं. फक्त पर्यटक नसले की आठवतं.

आणि पूर्ण मार्ग सुरू झाल्यावर नवं काय आलं? २०२३ मध्ये एसी सलून. भाड्याने घ्या, डोंगर बघा.

ज्यांना वाटतं की हेरिटेज आणि रोजची गाडी एकत्र नांदत नाहीत, त्यांनी ऑनसाईटला स्वित्झर्लंडला गेलेल्या एखाद्या मित्राला विचारावं. तिथल्या रेशियन रेल्वेचा बर्निना मार्ग आपल्यापेक्षा तीव्र चढाचा आहे, तोही दातेरी रुळाशिवाय. २००८ पासून जागतिक वारसा. बर्फात चालतो, शाळेची पोरं नेतो, मालही नेतो, आणि लाल डब्यांचे फोटो काढायला आपण जातोच. आपलं माथेरान २००५ पासून त्याच वारशाच्या संभाव्य यादीत ताटकळत उभं आहे.

माझं मागणं फार नाही. पावसाळ्यात खालचा मार्ग बंद ठेवा, दरडीशी भांडण नाही. पण उरलेल्या दिवसांत एक मालडबा रोज वर जाऊ द्या. कॉलेजच्या वेळेला धरून पहाटे एक शटल सोडा, आणि वरच्या लोकांना मासिक पास द्या. आणि रूळ वाहून गेले तर बोरघाटात जशी तारीख सांगता तशी तारीख सांगा.

काकांना निघताना विचारलं, पास मिळाला तर काढाल का? म्हणाले, मुलीचा आधी काढेन, कॉलेजची अजून दोन वर्षं आहेत.

घरी आल्यावर त्या जुन्या फोटोखालची माझी ओळ बदलली. आता तिथे फक्त 'नेरळ-माथेरान पॅसेंजर' असं लिहिलंय. आमच्या ग्रुपवर विचारणा झाली, ही कुठली नवीन गाडी?