वादातल्या रकमेवरचे व्याज

नवी दिल्लीच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२३ मध्ये एसबीआय कार्ड्स या कंपनीला एका ग्राहकास २ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या ग्राहकाच्या क्रेडिट कार्डाची मुदत एप्रिल २०१६ मध्येच संपली होती. तरीही विलंब शुल्काची बिले येत राहिली आणि ती न भरल्याने त्याचे नाव थकबाकीदारांत गेले. मला भरपाईच्या रकमेपेक्षा ती मिळेपर्यंत गेलेली सात वर्षे अधिक बोलकी वाटतात.

दरम्यान, २१ एप्रिल २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने कार्ड कंपन्यांसाठी सविस्तर निर्देश काढले. ग्राहकाने बिलावर हरकत घेतल्यास ३० दिवसांत खुलासा आणि गरज पडल्यास पुरावा द्यायचा. वाद मिटेपर्यंत थकबाकीची माहिती पतमाहिती कंपनीला द्यायची नाही. आणि ज्या व्यवहाराला ग्राहक ‘फसवणूक’ म्हणतो, त्यावर तोवर शुल्कही लावायचे नाही. खोच आहे ती या शेवटच्या तरतुदीत. हॉटेलने आरक्षण रद्द करूनही पैसे परत केले नाहीत, दुकानदाराने एकाच खरेदीची रक्कम दोनदा कापली, बंद केलेल्या सेवेची वर्गणी सुरूच राहिली, हे बिलाचे नेहमीचे तंटे. त्यांना कोणी फसवणूक म्हणत नाही. म्हणून शुल्क थांबवणारे ते स्पष्ट संरक्षणही त्यांना नाही.

दरमहा साडेतीन टक्क्यांनी १० हजारांच्या वादग्रस्त रकमेवर महिन्याला ३५० रुपये व्याज होते. त्यावर १८ टक्के जीएसटी. शिवाय पूर्ण बिल न भरल्यास नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. मग बरेच जण आधी पैसे भरतात आणि नंतर भांडतात, किंवा भांडतच नाहीत. हा दर जाचक नाही का? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. हा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालयाची भूमिका कायद्याला धरून असेल, पण त्यामुळे रिझर्व्ह बँकेची जबाबदारी वाढली आहे.

ग्राहक सेवा केंद्राचा फोन हा या व्यवस्थेचा सर्वांत परिचित आणि सर्वांत कच्चा दुवा. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार लोकपालाकडे जाण्यापूर्वी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. ती फेटाळली गेली किंवा ३० दिवसांत उत्तर आले नाही, तरच पुढचे दार उघडते. फोनवर अर्धा तास घालवलेल्या माणसाच्या हाती तक्रार क्रमांक नसेल, तर दाखवायला काहीच नसते. ग्राहक आयोगाची वाट मात्र सोपी झाली आहे. नोएडात राहणाऱ्या, दिल्लीत नोकरी करणाऱ्या आणि गुरुग्रामच्या कंपनीचे कार्ड वापरणाऱ्या माणसाला आता न्याय मागायला गुरुग्राम गाठावे लागत नाही. २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही. वेळ मात्र लागतोच.

अमेरिकेने १९७४ मध्येच वेगळा मार्ग धरला. तेथे ग्राहकाने बिल पाठवले गेल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत नोंदवली, की चौकशी होईपर्यंत तो वादग्रस्त रक्कम रोखून धरू शकतो आणि त्या रकमेसाठी त्याला थकबाकीदार ठरवता येत नाही. कंपनीला निकाल द्यायला दोन बिलांचा, फार तर ९० दिवसांचा अवधी असतो.

आपल्याकडे अशा सवलतीचा गैरवापर होईल, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. त्यावर उपाय आहे: हरकत खोटी ठरल्यास मूळ तारखेपासून व्याज वसूल करावे. पण तोवर मीटर बंद ठेवायला हवा. त्यासाठी नवा कायदा नको. निर्देशातल्या ‘फसवणूक’ या शब्दाच्या जागी ‘ग्राहकाने लेखी हरकत घेतलेला कोणताही व्यवहार’ एवढी दुरुस्ती पुरेल, आणि ती रिझर्व्ह बँक एका परिपत्रकाने करू शकते.